नवे केस उगवत आहेत की जुने तुटत आहेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केस नीट विंचरल्यावरही भांगाच्या दोन्ही बाजूंना आखूड केस उभे राहिलेले दिसले, की नवे केस येत आहेत की आहेत तेच तुटत आहेत, अशी शंका मनात येते. सोलापुरात केसांचे काम करताना हा प्रश्न आम्हाला वर्षभर ऐकायला मिळतो. उत्तर चुकले तर नुकसानही होते, कारण नवे केस तुटके समजून कापले जातात आणि तुटके केस नवे समजले गेले, तर ज्या सवयीमुळे ते तुटले ती सवय तशीच चालू राहते. आम्ही डॉक्टर नाही. जेथे त्वचारोगतज्ज्ञांची गरज आहे, तेथे तसे स्पष्ट लिहिले आहे.

आखूड केस नवा आहे की तुटका, हे ओळखण्याची सर्वांत खात्रीची खूण कोणती?

केसाचे टोक. त्वचेतून पहिल्यांदा बाहेर आलेल्या केसाला कात्री लागलेली नसते, त्यामुळे तो टोकाकडे हळूहळू बारीक होत जातो आणि शेवटी इतका निमुळता होतो की त्याचे टोक नेमके कोठे संपले हे नुसत्या डोळ्यांनी सांगणे कठीण जाते. तुटलेल्या केसाचे तसे नसते. तो मुळापासून टोकापर्यंत जवळजवळ सारख्याच जाडीचा असतो आणि एकदम संपतो. त्याचे टोक बोथट, तिरके, झिजलेले किंवा दोन फाटे फुटलेले असते.

या खुणेला दोन मर्यादा आहेत आणि त्या लक्षात न ठेवल्यामुळे पुष्कळ जणांची फसगत होते. एक म्हणजे कापलेल्या केसाचे टोकही बोथटच असते. आपण स्टेपकट किंवा लेअर कट केला असेल, कपाळावर बटा कापून घेतल्या असतील, तर त्या भागातील बोथट टोके कात्रीची आहेत, तुटण्याची नव्हेत. कात्रीचे टोक स्वच्छ आणि सरळ असते. तुटलेले टोक खडबडीत असते. दुसरे म्हणजे निमुळते टोक कायम टिकत नाही. धुणे, विंचरणे, ऊन आणि घर्षण यांमुळे ते झिजते, म्हणून केस वीतभर वाढल्यावर त्याच्या टोकावरून फारसे काही सांगता येत नाही. ही तपासणी चार-पाच बोटे लांबीपर्यंतच्या केसांसाठी चांगली आहे.

टोक घरी कसे तपासावे?

केस धुऊन पूर्ण वाळवावेत आणि तेल लावलेले नसावे, कारण तेलाने केस एकमेकांना चिकटतात आणि टोके दिसत नाहीत. दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी बसावे. भांगाजवळील एकच आखूड केस चिमटीत धरून त्याच्या मागे कागद धरावा: काळ्या केसांसाठी पांढरा कागद, पांढऱ्या किंवा मेंदी लावलेल्या केसांसाठी गडद कागद. वर्तमानपत्र घेऊ नये, अक्षरांच्या गर्दीत केस हरवतो. मग भिंगाने पाहावे किंवा मोबाइलने जवळून फोटो काढून तो मोठा करावा. स्वतःच्या टाळूवरचे केस स्वतःला दिसत नाहीत, म्हणून घरातील कोणाला तरी सोबत घ्यावे.

एका केसावरून निष्कर्ष काढू नये. भांगातील, टाळूवरील, दोन्ही कानशिलांजवळील आणि मानेवरील असे प्रत्येक ठिकाणचे पाच-सहा केस पाहावेत. बहुतेक डोक्यांवर दोन्ही प्रकार एकत्र सापडतात. कोणत्या जागी कोणता प्रकार जास्त आहे, यावरूनच खरा उलगडा होतो.

केस उपटून पाहण्याची गरज नाही. उपटलेला केस नवा असेल, तर जो वाढायला हवा होता तोच आपण काढून टाकतो.

केस गळत नसतानाही आखूड केस दिसतात. हे कसे?

हे अगदी स्वाभाविक आहे. माणसाच्या डोक्यावर साधारण 1 लाख केस असतात. प्रत्येक केस 2 ते 6 वर्षे वाढतो, नंतर सुमारे 3 महिने विश्रांतीत राहतो आणि गळून पडतो. त्याच मुळातून पुढे नवा केस येतो. कोणत्याही वेळी 85 ते 90 टक्के केस वाढीच्या अवस्थेत असतात, आणि रोज 50 ते 100 केस गळणे हे निरोगीपणाचेच लक्षण मानले जाते. जेवढे गळतात तेवढे उगवत असतील, तर निरोगी डोक्यावर कायमच काही हजार आखूड, वाढते केस असणार. एरवी ते लांब केसांखाली दडलेले असतात. पावसाळी दमट हवेत किंवा शाम्पू केल्यावर ते वर येतात, आणि मग आपले लक्ष जाते.

कपाळाच्या अगदी कडेचे मऊ केस वेगळेच. त्यांचा वाढीचा काळच कमी असतो, म्हणून ते कधीच लांब होत नाहीत. ज्यांना ‘बेबी हेअर’ म्हणतात ते बहुतेक वेळा हेच. ते वर्षानुवर्षे तेवढेच दिसत असतील, तर ते ना नवे आहेत ना तुटके.

कंगव्यात आलेल्या केसाच्या एका टोकाला पांढरा ठिपका असतो. केस मुळासकट गेला, आता तेथे पुन्हा येणार नाही का?

येतो. तो पांढरा ठिपका म्हणजे केसाचे मूळ नव्हे. विश्रांतीचा काळ संपवून नैसर्गिकपणे गळालेल्या केसाच्या खालच्या टोकाला अशी लहानशी गोल, फिकट गाठ असते. केस जेथून उगवतो ते खरे मूळ त्वचेतच राहते. अनेकदा त्याच जागी नव्या केसाची वाढ सुरूही झालेली असते.

उलट ज्याच्या कोणत्याही टोकाला अशी गाठ नाही तो केस मधूनच तुटलेला आहे. न्हाणीघराच्या जाळीवर किंवा कंगव्यात जमलेले केस एकदा कागदावर पसरून पाहावेत. बहुतेक केस पूर्ण लांबीचे आणि एका टोकाला गाठ असलेले असतील, तर प्रश्न गळण्याचा आहे. वेगवेगळ्या लांबीचे, गाठ नसलेले तुकडे जास्त असतील, तर प्रश्न तुटण्याचा आहे. या दोन्हींचे उपाय पूर्णपणे वेगळे आहेत, आणि गळतीचे औषध तुटण्यावर लावून पैसे आणि महिने वाया घालवणारे लोक आम्ही सतत पाहतो.

केसाच्या मधोमधच पांढरे ठिपके दिसतात. त्या उवांच्या लिखा आहेत का?

लिख केसाच्या एका बाजूला घट्ट चिकटलेली असते आणि नखाने ओढली तर केसावरून सरकवून काढावी लागते. कोंड्याची खपली झटकली की पडते. परंतु ठिपका केसातच असेल, सरकत नसेल आणि त्या जागी केस वाकवल्याबरोबर तुटत असेल, तर तो इजेचा ठिपका असतो. त्या जागी केसाचे वरचे आवरण झिजून गेलेले असते आणि आतील तंतू मोकळे होऊन पसरलेले असतात. भिंगातून पाहिले तर दोन केरसुण्यांची टोके एकमेकांत खुपसल्यासारखे दृश्य दिसते. केस तेथेच तुटतो आणि मागे कुंचल्यासारखे टोक राहते. रसायने, मशीनची उष्णता आणि ओल्या केसांत जोराने फिरवलेला कंगवा ही त्याची नेहमीची कारणे आहेत. ठिपके पुष्कळ असतील आणि यांपैकी काहीच केलेले नसेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

गणपतीच्या दिवसांत डेंग्यू झाला, दिवाळीनंतर मूठमूठ केस गेले. आता भांगात सगळीकडे आखूड केस उभे आहेत. ही सुधारणा समजावी का?

बहुधा होय, आणि येथे टोकाच्या जोडीला कॅलेंडरही साक्ष देते. डेंग्यू, टायफॉइड, चिकुनगुन्या यांसारखा मोठा ताप, शस्त्रक्रिया, अपघात, किंवा जेवण एकदम तोडून झपाट्याने वजन घटवणे, यांमुळे वाढीच्या अवस्थेतील बरेच केस एकदम विश्रांतीत जातात. विश्रांती सुमारे 3 महिन्यांची असल्यामुळे ते लगेच गळत नाहीत. 2 ते 3 महिन्यांनी गळतात. त्यामुळे ताप विसरलेला असतो आणि दोष नव्या शाम्पूला दिला जातो.

डोक्यावरचे केस महिन्याला साधारण 1 सेंटीमीटर, काहींचे थोडे अधिक, वाढतात. या हिशोबाने भाद्रपदात ताप आला आणि कार्तिकाच्या सुमारास गळती झाली, तर सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेच्या वेळी, म्हणजे जानेवारीच्या मध्याला, नवे केस एक-दोन सेंटीमीटरचे असावेत आणि गुढीपाडव्यापर्यंत तीन ते पाच सेंटीमीटरचे. आपल्या भांगातील आखूड केस या हिशोबात बसत असतील, साधारण एकाच लांबीचे असतील, डोक्यावर सर्वत्र सारखे पसरलेले असतील आणि टोके निमुळती असतील, तर ते नवे केस आहेत, याविषयी शंका घेण्याचे कारण उरत नाही. तुटलेल्या केसांत अशी शिस्त नसते; त्यांत अर्ध्या बोटापासून हातभरापर्यंत सर्व लांबीचे केस मिसळलेले असतात.

गळती सहा महिन्यांहून अधिक काळ थांबली नाही, तर मात्र ताप हेच एकमेव कारण धरून बसू नये. रक्तातील लोह, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड यांची तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने करून घ्यावी. मासिक पाळीत जास्त रक्तस्राव होणाऱ्या स्त्रियांमध्ये लोहाची कमतरता अनेकदा आढळते.

बाळंतपणानंतर कपाळाच्या कडेला आखूड केसांची झालर आली आहे. असे का?

गरोदरपणात संप्रेरकांमुळे केस वाढीच्या अवस्थेत जास्त काळ राहतात, म्हणून त्या दिवसांत केस दाट वाटतात. प्रसूतीनंतर थांबून राहिलेले केस एकत्र विश्रांतीत जातात आणि 2 ते 4 महिन्यांनी गळू लागतात. बाळ आईला ओळखून हसू लागले की आईचे केस गळतात, असे आपल्याकडे जुन्या बायका सांगतात. बाळाच्या हसण्याशी केसांचा संबंध नाही, पण त्यांनी सांगितलेली वेळ बरोबर आहे. पुढे येणारी झालर म्हणजे त्याच मुळांतून आलेले नवे केस. बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत बहुतेक स्त्रियांचे केस पूर्ववत होतात. या काळात झालर चापून बसवण्यासाठी केस घट्ट ओढून बांधू नयेत.

तिरुपतीला केस दिले. आता येणाऱ्या सगळ्या केसांची टोके बोथट दिसतात. ते कमकुवत आहेत का?

मुळीच नाही. सोलापुरातून तिरुपतीला जाऊन केस अर्पण करणारी कुटुंबे पुष्कळ आहेत, आणि हा प्रश्न त्यांच्याकडून नेहमी येतो. वस्तऱ्याने केस त्वचेलगत कापला जातो. त्याचे मूळ त्वचेत तसेच असते. पुढे जो केस वर येतो तो नवा नसून तोच कापलेला केस असतो, म्हणून त्याचे टोक बोथट असते. खुंटासारखे ते टोक हाताला जाड आणि राठ लागते, आणि त्यावरूनच मुंडण केल्यावर केस दाट येतात ही समजूत झाली आहे. प्रत्यक्षात वस्तरा मुळापर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे केसांची संख्या किंवा जाडी त्याने बदलत नाही.

बाळाच्या जावळाचेही तेच आहे. जावळ काढल्यानंतर केस दाट आले असे वाटते, पण त्या वयात बाळाचे मऊ केस जाऊन जाड केस येण्याचा क्रम आपोआप चालू असतो. जावळ हा संस्कार म्हणून जरूर करावा. केस विरळ आहेत म्हणून पुन्हा पुन्हा वस्तरा लावू नये.

मुंडणानंतर आठ-दहा महिन्यांत बोथट टोकांच्या गर्दीत काही निमुळत्या टोकांचे, इतरांहून आखूड केस दिसू लागतात. ते खऱ्या अर्थाने नवे.

टोके निमुळती आहेत, तरीही भांग रुंद होत चालला आहे. केस नवे असतील तर असे का व्हावे?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि निमुळते टोक दिसले की निर्धास्त होणाऱ्यांनी तो अवश्य वाचावा. आनुवंशिक केस विरळ होण्यात, म्हणजे पुरुषांच्या टक्कलात आणि स्त्रियांच्या भांग रुंदावण्यात, केसाचे मूळ हळूहळू लहान होत जाते. त्यातून येणारा प्रत्येक केस आधीच्या केसापेक्षा बारीक, आखूड आणि फिकट असतो, आणि लवकर गळतो. असा केस नैसर्गिकपणे उगवलेला असल्यामुळे त्याचेही टोक निमुळतेच असते. तो नवा आहे हे खरे, परंतु ते पुनरागमन नाही.

फरक ओळखण्यासाठी टोकाकडून मुळाकडे पाहावे. निरोगी नवा केस टोकाला बारीक असला तरी त्वचेजवळ शेजारच्या लांब केसाइतकाच जाड असतो. क्षीण होत चाललेला केस मुळापासून टोकापर्यंत बारीकच राहतो. दुसरी खूण वेळेची: निरोगी नवा केस तीन महिन्यांत सुमारे तीन सेंटीमीटरने लांब झालेला दिसतो, क्षीण केस जेथल्या तेथे राहिल्यासारखा वाटतो. तिसरी खूण जागेची: स्त्रियांमध्ये हे बदल भांगात आणि टाळूवर, पुरुषांमध्ये कपाळाच्या दोन कोपऱ्यांत आणि टाळूवर दिसतात, तर डोक्याची मागची बाजू बहुधा दाट राहते.

अशी लक्षणे असतील, तर घरगुती प्रयोगांत वेळ घालवू नये. यावर मिनॉक्सिडिलसारखी सिद्ध औषधे आहेत आणि ती जितक्या लवकर सुरू होतील तितके अधिक केस वाचतात; मात्र ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावीत, आणि गरोदरपणात व स्तनपानाच्या काळात स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढू शकते. घाबरून ते बंद करणारे बरेच असतात. वास्तविक जुने केस नव्यांना जागा करून देत असतात, आणि परिणाम दिसायला किमान चार ते सहा महिने लागतात.

कानशिलाजवळचे केस मागे सरकले आहेत, कडेला फक्त बारीक केसांची रेघ उरली आहे. ही नवी वाढ का?

नाही. लहानपणापासून घट्ट वेण्या, ताणून बांधलेला पोनीटेल, जड गंगावन किंवा रोज त्याच जागी खोचलेले आकडे यांमुळे मुळांवर सतत ताण येतो. आधी जाड केस जातात आणि अगदी कडेचे बारीक केस, ज्यांना वेणीत धरता येत नाही, ते मागे राहतात. त्यामुळे झालर नवी आली असे वाटते. प्रत्यक्षात तिच्यामागचे केस गेलेले असतात. वेळेत ताण थांबवला तर केस परत येतात. वर्षानुवर्षे ताण चालूच राहिला तर मूळच नष्ट होते आणि तेथे कधीच केस येत नाहीत. यंत्रमागावर किंवा शिलाई मशीनवर काम करणाऱ्या भगिनींना सुरक्षिततेसाठी केस बांधावेच लागतात. त्यांनी अंबाडा सैल घालून वर रुमाल बांधावा आणि वेणीची जागा अधूनमधून बदलावी. वेणी घातल्यावर कपाळ ओढल्यासारखे होत असेल किंवा डोके दुखत असेल, तर ती घट्ट झाली आहे.

तुटके केस डोक्याच्या वरच्या थरातच जास्त दिसतात. सोलापूरच्या उन्हाचा परिणाम असेल का?

ऊन हे एक कारण असते. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचे तापमान 40 अंशांच्या पुढे जाते आणि हवा कोरडी असते. उन्हातील अतिनील किरणांनी केसांचे वरचे आवरण आणि आतील प्रथिने दुर्बळ होतात, आणि तो मार वरच्या थराला सर्वाधिक बसतो. पण आमच्या अनुभवात उन्हापेक्षा घर्षण जास्त केस तोडते. दुचाकीवर बांधलेला स्कार्फ उन्हापासून वाचवतो म्हणून तो बांधावाच, मात्र सुती आणि खरखरीत स्कार्फ घामाने ओल्या केसांवर तासन्‌तास घासत राहतो. आत एखादा मऊ, गुळगुळीत कापडाचा रुमाल असेल तर बराच फरक पडतो. हेल्मेटच्या आतही तोच रुमाल उपयोगी पडतो.

टॉवेलकडेही लक्ष द्यावे. सोलापूरच्या टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे आणि पाणी शोषण्यात त्याची बरोबरी करणे अवघड आहे. पण त्याच्या अंगावरचे धाग्यांचे फासे ओल्या केसांत अडकतात. ओला केस कोरड्यापेक्षा अधिक ताणला जातो आणि लवकर इजा पावतो. न्हाऊन झाल्यावर टॉवेलने डोके खसाखसा पुसणे, किंवा केस पुढे घेऊन टॉवेलने फटके मारून वाळवणे, ही घरोघरी दिसणारी पद्धत सोडावी. टॉवेल केसांभोवती गुंडाळून नुसता दाबावा, किंवा जुना मऊ पंचा वापरावा. गुंता रुंद दातांच्या फणीने, टोकाकडून सुरुवात करून वर वर सोडवत जावा.

आमच्याकडे न्हाण्यासाठी बोअरचे पाणी आहे. त्यानेच केस तुटतात का?

शहराला उजनीचे पाणी मिळते, पण नळाचे पाणी रोज येत नसल्याने पुष्कळ घरांत वापरासाठी बोअरवरच भागवावे लागते. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असले, तर साबणाला फेस कमी येतो आणि केसांवर पातळ थर बसतो. केस राठ, निस्तेज होतात आणि लवकर गुंततात. तो गुंता ओढून काढताना ते तुटतात. पाणी स्वतःहून केस तोडते का, याबद्दल झालेल्या प्रयोगांचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत, आणि या पाण्याने मुळापासून केस गळतात, टक्कल पडते, असे म्हणायला आधार नाही. अंगाच्या साबणाने केस धुऊ नयेत, शाम्पू वापरावा, शेवटचे दोन तांबे नळाच्या किंवा पिण्याच्या पाण्याचे घ्यावेत आणि कंडिशनर लावावा. एवढ्याने बहुतेकांचे काम भागते.

स्मूदनिंग केल्यावर काही महिन्यांनी मुळापासून दोन-तीन इंचांवर केस तुटू लागले. नवे केस मात्र कुरळे येत आहेत. काय करावे?

नवे केस कुरळे येत आहेत कारण आपले केस मुळातच कुरळे किंवा लहरी आहेत; रसायन बाहेरच्या केसावर काम करते, मुळावर नाही. जुना सरळ केलेला आणि नवा नैसर्गिक केस जेथे जुळतात ती रेघ सर्वांत नाजूक असते. तेथे तुटलेल्या केसांची लांबी मोजली आणि महिन्यांचा हिशोब केला, तर ती स्मूदनिंगच्या तारखेपर्यंत जाऊन पोहोचते. अशा वेळी लांबी जवळजवळ सारखी असूनही केस तुटके असतात, म्हणून टोक पाहणे चुकवू नये. त्या रेघेवर पुन्हा रसायन किंवा गरम मशीन लावू नये. ओल्या केसांवर मशीन तर कधीच फिरवू नये. केसातील पाण्याची वाफ होऊन आत बुडबुडे तयार होतात आणि केस त्या जागी तुटतो.

मुलाच्या डोक्यावर गोल चट्टा आहे, त्यात आखूड केस दिसतात. नवे केस येत आहेत म्हणून थांबावे का?

थांबू नये. चट्ट्यात खपल्या असतील, खाज असेल, केस त्वचेलगत तुटून काळे ठिपके दिसत असतील, तर तो डोक्यातील गजकर्ण असू शकतो. तो बुरशीमुळे होतो, एकमेकांचा कंगवा, टोपी, टॉवेल वापरल्याने पसरतो आणि नुसत्या मलमाने बरा होत नाही. डॉक्टरांनी दिलेली पोटात घेण्याची औषधे पूर्ण मुदत घ्यावी लागतात. उपचाराला उशीर झाला तर व्रण पडून तेथील केस कायमचे जाऊ शकतात.

चट्टा गुळगुळीत असेल, खपल्या नसतील, आणि कडेला टोकाशी जाड व त्वचेजवळ बारीक असे आखूड केस असतील, तर ती चाई असण्याची शक्यता जास्त. तसे उलटे बारीक होणारे केस म्हणजे चट्टा अजून वाढतो आहे. चट्ट्याच्या मध्यभागी मऊ, कित्येकदा पांढरे केस दिसू लागले तर ती भरून येण्याची सुरुवात असते, आणि पुढे त्यांना रंगही येतो. चाईवर लसूण, जमालगोटा किंवा तत्सम काही चोळून त्वचा भाजलेली मुले आम्ही पाहिली आहेत. कृपया असे करू नये.

खोबरेल तेल, कांद्याचा रस, बायोटिनच्या गोळ्या: यांतले काय उपयोगी?

तुटण्यावर खोबरेल तेल खरोखर उपयोगी आहे. ते केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलात हा गुण आढळला नव्हता. न्हाण्याआधी काही तास टोकांना लावावे. नवे केस उगवण्याशी मात्र त्याचा संबंध नाही.

कांद्याच्या रसाने कित्येकांच्या डोक्याची आग होते. बायोटिनचा फायदा कमतरता असेल तरच होतो, आणि अशी कमतरता विरळ आहे. शिवाय बायोटिनमुळे थायरॉइडसह काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकू शकतात, म्हणून तपासणीआधी गोळ्या चालू असल्याचे डॉक्टरांना सांगावे.

तुटके केस कापून टाकावेत का?

टोकांना फाटे फुटले असतील तर फाट्याच्या थोडे वर कापावे, कारण फाटा वर वर सरकत जातो आणि कोणत्याही क्रीमने तो कायमचा सांधला जात नाही. डोक्यावर उभे राहणारे आखूड केस मात्र टोके तपासल्याशिवाय कापू नयेत.

नवी वाढ खरोखर होत आहे हे कशावरून ठरवावे?

महिन्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, त्याच बाजूला भांग पाडून, कोरड्या केसांचा फोटो काढावा. रोज आरशात पाहिल्याने फरक कळत नाही आणि चिंता वाढते. आखूड केसांचा एखादा झुबका निवडून पट्टीने लांबी मोजावी. तीन महिन्यांत तो तीन सेंटीमीटरच्या आसपास वाढला आणि टोके निमुळती असतील, तर ते नवे केस आहेत. लांबी तेवढीच राहिली, तर केस एक तर तुटत आहेत किंवा क्षीण होत आहेत. टोक बोथट असेल तर पहिले, निमुळते असेल तर दुसरे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे, आणि सोलापुरात कोठे?

गोल चट्टा, खपल्या, पू, वेदना किंवा त्वचा गुळगुळीत होऊन मुळांची छिद्रे दिसेनाशी होणे, यांपैकी काहीही असल्यास लगेच जावे. भांग रुंदावत असल्यास, गळती सहा महिन्यांहून अधिक टिकल्यास, किंवा पाळीची अनियमितता आणि चेहऱ्यावर दाट केस अशी लक्षणे सोबत असल्यासही जावे. खासगी त्वचारोगतज्ज्ञ शहरात आहेतच. खर्च झेपत नसेल तर डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असलेल्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, त्वचारोगाच्या बाह्यरुग्ण विभागात दाखवावे.

जाताना डोक्याला तेल लावू नये आणि आदल्या दिवशी केस धुऊ नयेत, कारण डॉक्टर केसांचा झुबका हलकेच ओढून किती केस सुटतात ते पाहतात आणि नुकतेच धुतलेले केस त्यात खरी स्थिती दाखवत नाहीत. एका दिवसाचे गळालेले केस कागदाच्या पुडीत ठेवावेत, मागील सहा महिन्यांतील आजार, औषधे, प्रसूती आणि केसांवर केलेल्या प्रक्रिया तारखेसह लिहून घ्याव्यात, आणि दर महिन्याचे फोटो सोबत न्यावेत.